मक्यावरच्या लष्करी अळीला होमिओपॅथीचं औषध: कुणी मारून पाहिलंय का?

शिवारफेरी | १३ जुलै, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. सिल्लोड तालुक्यात दोन एकर मका आहे. २५ जूनला टोकण केली, आज अठरावा दिवस. तीन दिवसांपासून पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) लष्करी अळी दिसतेय. पानांवर पांढरे पापुद्रे, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण. दहा झाडं बघितली तर तीन-चार झाडांत सापडतेच.

आता मूळ प्रश्न. आमच्या मावसभावाने गेल्या वर्षी होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून बाटली आणली होती. पंधरा लिटरच्या पंपाला दहा थेंब, आठ दिवसांनी परत एकदा. त्याचं म्हणणं, पंधरा-अठरा दिवसांत अळी गायब, मका हिरवागार. बाटली साडेतीनशेला. मी हसलो होतो, पण यंदा जरा विचारात पडलोय. कारण दोन: पंप वडील पाठीवर घेतात, वय चौसष्ट, मागच्या हंगामात फवारून आल्यावर रात्रभर उलट्या झाल्या. दुसरं म्हणजे वैरण घरच्या म्हशींना जाते.

कुणी हा प्रकार स्वतःच्या रानात केलाय का? ऐकीव नको, केलेलं सांगा.

उगाचखडूस | १३ जुलै, रात्री ९.२०

मक्याचा धागा, त्यात होमिओपॅथी. पॉपकॉर्न घरचंच आहे, बसलो.

डॉ_गोडगोळी | १३ जुलै, रात्री ९.४१

मी स्वतः होमिओपॅथ आहे (आयडीवरून कळलं असेलच, घरच्यांनीच ठेवलंय नाव). रोपांवर होमिओपॅथी हा काही कालचा उद्योग नाही. नेदरलँड्सचे वैकुंठनाथ दास कविराज यांनी शेतीसाठी औषधांची मोठी जंत्रीच केली. अळ्यांसाठी बॉम्बिक्स, रोपाचा ताठरपणा वाढवायला सिलिशिया, माव्याला लेडीबर्ड भुंग्यापासून केलेलं कॉक्सिनेला, असं बरंच काही. ब्राझीलमध्ये १९९९ पासून सेंद्रिय शेतीच्या नियमांत होमिओपॅथी चालते. आणि नेमक्या याच अळीवर, मक्याच्याच शेतात केलेला प्रयोग तिथल्या मका-ज्वारीच्या संशोधनपत्रिकेत २००३ साली छापून आलाय. अळ्यांची संख्या कमी झाली असं त्यांनी लिहिलंय.

शिवारफेरी, बाटलीवर औषधाचं नाव आणि पोटन्सी (म्हणजे औषध किती वेळा पातळ केलंय तो आकडा) काय लिहिली आहे ते सांगा, मग बोलता येईल.

शिवारफेरी | १३ जुलै, रात्री ९.५५

डॉक्टर, नाव काहीच नाही. पांढरी चिठ्ठी, त्यावर पेनाने 'मका अळी ३०'.

उगाचखडूस | १३ जुलै, रात्री ९.५८

३० म्हणजे पोटन्सी की एक्सपायरी?

कीटकवेडा | १३ जुलै, रात्री १०.३०

एमएस्सी कीटकशास्त्र, सध्या एका कृषी महाविद्यालयात. आधी अळी कोणती ते पक्कं करू. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके असतील तर ती अमेरिकन लष्करी अळीच. २०१६ मध्ये आफ्रिकेत शिरली, २०१८ च्या मे-जूनमध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे सापडली आणि त्याच वर्षी पाऊस संपायच्या आत सोलापूर-सांगलीपर्यंत आली. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, त्याला तालुक्याची हद्द काय सांगणार.

आता मावसभावाच्या 'पंधरा-अठरा दिवसांत गायब' बद्दल. धाग्याचं सगळं उत्तर मला त्या आकड्यातच दिसतंय.

मादी पुंजक्याने अंडी घालते, एका पुंजक्यात शंभर-दोनशे, वर केसाळ पांघरूण. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळी सहा अवस्थांतून जाते आणि त्याला साधारण चौदा ते बावीस दिवस लागतात. मग ती आपण होऊन झाड सोडते, जमिनीत जाते आणि कोष करते. तुम्ही औषध मारा, गोमूत्र मारा, नाहीतर बांधावर उभं राहून शिव्या द्या, पंधरा-अठरा दिवसांनी ती पोंग्यात नसणारच. ती मेलेली नसते, मातीत असते. आठ-दहा दिवसांनी पतंग होऊन शेजाऱ्याकडे जाते.

शिवाय मोठ्या अळ्या एकमेकींना खातात. सुरुवातीला एका झाडावर वीस दिसतात, शेवटी पोंग्यात एकच उरते. हेही 'औषधाने कमी झाल्या' म्हणून खात्यावर जमा होतं.

काळीमाती | १३ जुलै, रात्री १०.४४

+१. आमच्याकडे एका बाबाने मंतरलेली वाळू दिली होती. लोकांनी पोंग्यात टाकली आणि अळी खरंच कमी झाली. बाबाचं नाव झालं. काम वाळूनेच केलं होतं, मंत्र जास्तीचा.

डॉ_गोडगोळी | १३ जुलै, रात्री १०.५०

कीटकवेडा, जीवनचक्र मान्य. पण मग हाच हिशोब रासायनिक औषधालाही लावा की. तिथेही शेतकरी 'मारलं आणि गेली' एवढंच बघतो.

कीटकवेडा | १३ जुलै, रात्री १०.५७

लावायलाच हवा, आणि लावतातच. म्हणून तर तुलनेसाठी न फवारलेला पट्टा ठेवतात. फरक इतकाच की एमामेक्टिनसारखं रासायनिक कीटकनाशक मारल्यावर दोन-तीन दिवसांत पोंग्यात मेलेली, लुळी पडलेली अळी हाताला लागते. तिला कोषाची वाट बघावी लागत नाही.

गणितातकच्चा | १४ जुलै, सकाळी ७.१५

कच्चा असलो तरी एवढं जमतं. होमिओपॅथीत १ सी म्हणजे शंभरात एक भाग. त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असं चढत जायचं. १२ सी पर्यंत आलात की एकावर चोवीस शून्यं इतकं पातळ झालं, आणि तिथून पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा बाटलीत असण्याची शक्यता जवळजवळ संपते. ३० सी म्हणजे एकावर साठ शून्यं. ते दहा थेंब परत पंधरा लिटरच्या पंपात. आमच्या मेसचं वरण दाट वाटायला लागलं.

माईसाहेब | १४ जुलै, सकाळी ८.०२

मला मात्र माझ्या मुलाचा दमा होमिओपॅथीने बरा झाला. झाडालाही जीव असतो, मग का लागू पडू नये? जगदीशचंद्र बोसांनी दाखवलंय की झाडांना संवेदना असतात.

गणितातकच्चा | १४ जुलै, सकाळी ८.११

माईसाहेब, मुलगा बरा झाला याचा आनंद आहे. पण इथे औषध झाडाला द्यायचंय आणि परिणाम अळीवर हवाय. म्हणजे औषध सुनेला आणि खोकला जायचा सासूचा.

माईसाहेब | १४ जुलै, सकाळी ८.१५

आमच्या घरात तसंही झालेलं आहे.

उगाचखडूस | १४ जुलै, सकाळी ८.१६

माईंना आजचं कणीस बहाल.

डॉ_गोडगोळी | १४ जुलै, सकाळी ९.३०

विनोद चांगला आहे, पण तत्त्व तसं नाहीये. रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करायची असा विचार आहे. अळीने खाल्ल्यावर मका स्वतःहून वास सोडतो आणि त्या वासावर परजीवी गांधीलमाश्या येतात, हे तर तुमचंच विज्ञान सांगतं ना?

कीटकवेडा | १४ जुलै, सकाळी ९.५२

हो, ते खरं आहे, आणि सुंदरही आहे. अळीच्या लाळेतल्या द्रव्यामुळे मक्याला कळतं की हे नुसतं फाटणं नाही, कुणीतरी खातंय. पण त्या लाळेत काहीतरी *असतं*, डॉक्टर. मुद्दा तिथेच येतो.

ब्राझीलच्या प्रयोगाबद्दल: छापून आलाय, मान्य. पण एका जागी, एका हंगामात दिसलेली गोष्ट दुसऱ्याने वेगळ्या जागी करून पाहिल्यावरही दिसली तरच मी शेतकऱ्याला खिशात हात घालायला सांगेन. माणसांवरच्या होमिओपॅथीचा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये मोठा आढावा घेतला. कुठल्याही आजारात ती चालते असा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. मक्यासाठी तर तेवढा अभ्यासही झालेला नाही.

जैविक_जयंत | १४ जुलै, दुपारी १२.४०

बायोडायनॅमिकवाल्यांची पण एक पद्धत आहे. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झला (आता पोलंडमध्ये) शेतीवर व्याख्यानं दिली, त्यात कीड जाळून तिची राख शेतात टाकायची कल्पना आहे. पुढे लोक ती राख पातळ करून फवारू लागले. म्हणजे होमिओपॅथीची चुलत बहीणच. मी बारा वर्षं सेंद्रिय शेती करतो, शिंगातल्या खताचा प्रयोगही केलाय. खरं सांगू का? राखेचा प्रयोग मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा शेवटी बायकांना घेऊन अंडीपुंज वेचावे लागले. सेंद्रिय म्हणजे काहीही नाही, एवढं माझ्या लोकांनाही सांगतो. निंबोळी अर्कात काहीतरी आहे, बीटीत जिवाणू आहे, मेटाऱ्हायझियममध्ये बुरशी आहे. त्यांना पोट भरून डोस लागतो.

पुसदकर | १४ जुलै, दुपारी १.२५

सगळे गणित आणि पोलंड करत बसलेत. मूळ पोस्टीतला दुसरा परिच्छेद कोणी वाचला का? माणसाचे वडील फवारून आल्यावर रात्रभर ओकत होते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला काय झालं ते विसरलात काय? कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी, मजूर गेले, कितीकांचे डोळे अधू झाले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, वारा तोंडावर. माझा चुलता सतरा दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर आमच्या गावात एक जण कुठलंतरी 'आयुर्वेदिक कीटकनाशक' विकायला आला, सगळ्यांनी घेतलं. अडाणी म्हणून नाही, भीतीने घेतलं. तुम्ही हसा, पण ज्याला विषाचा वास आला की पोटात कळ येते तो साखरेच्या पाण्याकडे जाणारच.

शिवारफेरी | १४ जुलै, दुपारी २.०४

पुसदकर दादा, नेमकं बोललात. मला होमिओपॅथीवर श्रद्धा वगैरे नाही. वडील ऐकत नाहीत, मास्क बांधत नाहीत, 'गुदमरतं' म्हणतात. निदान पंपात निरुपद्रवी काही असेल तर मला झोप लागेल, एवढाच हिशोब होता.

दुकानवाला | १४ जुलै, दुपारी ४.१८

माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून मी बोललो की 'धंदा' म्हणाल. तरी सांगतो. कीडनाशक म्हणून विकलं जाणारं काहीही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक, बॅच, तारीख, विषाचा रंगीत त्रिकोण. पेनाने लिहिलेल्या चिठ्ठीच्या बाटलीत होमिओपॅथी आहे की त्यात कुणी गुपचूप खरं रसायन मिसळलंय, तुम्हाला कळणार कसं? 'जैविक' म्हणून विकलेल्या बाटल्यांत रसायन निघाल्याचं मी पाहिलंय. अळी तर मरते, शेतकरी खूश, आणि जैविक समजून उघड्या हाताने ढवळलेलं असतं. वडिलांसाठी निरुपद्रवी शोधताय ना, मग बिनलेबलचं सगळ्यात आधी टाका.

शिवारफेरी | १४ जुलै, दुपारी ४.३०

हे डोक्यात आलंच नव्हतं.

डॉ_गोडगोळी | १४ जुलै, दुपारी ४.४५

या मुद्द्यावर मी दुकानवाल्यांच्या बाजूने. माझ्या दवाखान्यात बिननावाची बाटली दिली तर माझीच नोंदणी धोक्यात येईल.

आयोवाकर | १४ जुलै, रात्री ८.३६

मूळचा जालन्याचा, सध्या आयोवात, सगळीकडे मकाच मका. ही अळी मूळची इकडचीच, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. आयोवाच्या थंडीत ती जगत नाही, दरवर्षी फ्लोरिडा-टेक्सासकडून उडत येते. इथे बहुतेक जण बीटी मका (बीटी जिवाणूचं जनुक घातलेलं, अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारं वाण) लावतात, म्हणून पोंग्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. भारतात बीटी मक्याला परवानगी मिळाली की प्रश्नच मिटेल.

कीटकवेडा | १४ जुलै, रात्री ८.५८

प्रश्न मिटत नाही, पुढे ढकलला जातो. प्युर्टो रिकोत २००६ च्या सुमारासच या अळीने बीटी मक्यातल्या एका प्रथिनाला दाद देणं बंद केलं होतं, नंतर ब्राझीलमध्येही तेच झालं. आपल्या बीटी कपाशीवरच्या बोंडअळीचं उदाहरण तर ताजंच आहे.

संपादक-२ | १४ जुलै, रात्री ९.०५

बीटीवर वेगळा धागा आहे, तिकडे भांडावे. इथे अळी आणि होमिओपॅथी.

निव्वळवाचक | १४ जुलै, रात्री ९.४०

चार वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, आमच्या सोसायटीत आर्सेनिक अल्बम ३० च्या गोळ्या वाटल्या होत्या. मी खाल्ल्या आणि मला कोविड झाला नाही. बायकोने खाल्ल्या, तिला झाला. शेजाऱ्याने खाल्ल्या नाहीत, त्यालाही झाला नाही. तेव्हापासून मी मत देत नाही.

उगाचखडूस | १४ जुलै, रात्री ९.४३

याला म्हणतात न फवारलेला पट्टा.

काळीमाती | १४ जुलै, रात्री १०.२०

शिवारफेरी, वडिलांना पंप न देता काय करता येईल ते आधी सांगतो, चर्चा चालू राहू दे.

मका पोटरीच्या खाली असताना कोरडी बारीक वाळू किंवा माती आणि चुना, नऊला एक, असं मिसळून चिमूट-चिमूट पोंग्यात. पहिल्या महिन्यातच, नंतर पोंगा उंच जातो आणि हात पोचत नाही. माती आत घासते, अळीला जागा राहत नाही. काम कटकटीचं, पण दोन एकराला चार बायका दोन दिवस. सकाळी जाल तेव्हा पानाच्या खालून कापसासारखे अंडीपुंज दिसतील ते चिरडा. एक पुंजका चिरडला म्हणजे शे-दीडशे अळ्या न फवारता मेल्या. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा, पतंग किती येतात ते तरी कळेल.

आणि विषारी आमिषाच्या नादी लागू नका सध्या. भाताचा कोंडा दहा किलो, गूळ दोन किलो, चोवीस तास आंबवून त्यात थायोडीकार्ब टाकून गोळ्या करतात. चालतं चांगलं, पण थायोडीकार्ब जालीम आहे आणि तुमच्या घरी म्हशी आहेत.

जैविक_जयंत | १४ जुलै, रात्री १०.३८

याला जोडून: संध्याकाळी, ओल असताना, नोमुरिया किंवा मेटाऱ्हायझियम दहा लिटरला पन्नास ग्रॅम. पावसाळी ढगाळ हवेत बुरशी चांगली लागते. पाणी पोंग्यात पडलं पाहिजे, नोझल पोंग्यावर धरा, पानं धुवत बसू नका. पण अळी लहान असतानाच. मोठी झाली की पोंग्याच्या तोंडाशी तिच्याच घाणीचं बूच बसतं, खाली कुठलंच औषध जात नाही.

कीटकवेडा | १४ जुलै, रात्री ११.०२

आणि तरी नुकसान वाढलं, म्हणजे शंभरात दहाच्या वर झाडांत ताजी घाण दिसत राहिली, तर एक फवारणी क्लोरँट्रानिलीप्रोल दहा लिटरला चार मिली. लेबलवरची मात्रा आणि वैरणीसाठी थांबायचे दिवस वाचून. वडिलांऐवजी तरुण माणूस, पूर्ण बाह्या, मास्क, वाऱ्याला पाठ. मका गुडघ्याएवढा असताना फवारा, डोक्यावर गेल्यावर नाही. पुसदकरांच्या कपाशीची गोष्ट तीच होती.

पण माझी एक विनंती आहे. बाटली फेकू नका. सहा-सहा ओळींचे पट्टे करून बघा. एकाला बाटली, एकाला नुसतं पाणी, एकाला काहीच नाही, एकाला काळीमातींची माती-चुना. कुठल्या पंपात काय आहे ते मारणाऱ्याला कळता कामा नये. आधी मोजा, आठव्या दिवशी मोजा. अठराव्या दिवशी नको, तेव्हा सगळेच जिंकतात.

डॉ_गोडगोळी | १४ जुलै, रात्री ११.१०

मला हा प्रयोग मान्य आहे. फक्त बिननावाची बाटली नको, मी माझ्याकडून सीलबंद औषध कुरिअर करतो, फुकट. पत्ता खरडीत द्या.

उगाचखडूस | १४ जुलै, रात्री ११.१२

डॉक्टर, मानलं. पॉपकॉर्न खाली ठेवतो.

शिवारफेरी | २६ जुलै, रात्री ८.५०

उशीर झाला, माफी. सगळं सांगतो.

डॉक्टरांचं पार्सल १७ ला आलं, सीलबंद, लेबलसकट. पुतण्या दहावीत आहे, त्याला कामाला लावलं. त्याने दोन कॅनवर 'अ' आणि 'ब' लिहिलं, एकात औषधाचं पाणी, एकात साधं, आणि कशात काय ते वहीत लिहून वही कपाटात. मी आणि गडी फवारायला. वडिलांना 'मोजणीप्रमुख' केलं, म्हणजे पंपाला हात लावायचा नाही. ही युक्ती मात्र लगेच लागू पडली.

प्रत्येक पट्ट्यात पाच जागी वीस-वीस, म्हणजे शंभर झाडं. ताजी घाण आणि अळी दिसलेली झाडं १८ तारखेला फवारायच्या आधी: अ पट्ट्यात ३८, ब मध्ये ३५, काहीच नाहीमध्ये ४१, माती-चुन्याच्या पट्ट्यात ३७. आईने त्या शेवटच्या पट्ट्यात मातीबरोबर अंडीपुंजही चिरडले. तिला सांगितलं होतं की तसं करू नको, प्रयोग बिघडतो. ती म्हणाली, 'दिसल्यावर सोडू का?'

काल आठव्या दिवशी मोजलं: अ मध्ये ३३, ब मध्ये २९, काहीच नाही ३६, माती-चुना १४. मध्ये २१ आणि २२ ला जोरदार पाऊस झाला, तोही धरा.

मग वही काढली. अ मध्ये औषध होतं. ब मध्ये साधं पाणी.

उगाचखडूस | २६ जुलै, रात्री ८.५३

पाणी फारच जालीम निघालं. पोटन्सी किती होती पाण्याची?

गणितातकच्चा | २६ जुलै, रात्री ९.०१

शून्य सी. म्हणूनच.

कीटकवेडा | २६ जुलै, रात्री ९.२२

उत्तम काम. पुतण्याला कृषी शाखेकडे पाठवा. एक मात्र सांगतो, माझ्याच बाजूचं असलं तरी: २९ आणि ३३ मध्ये काही फरक नाही. एकेकच पट्टा आहे, उद्या बांधाकडच्या झाडांत मोजलं तर उलटंही येईल. 'पाणी औषधापेक्षा भारी' असं म्हणू नका. तिन्ही पट्टे पाच-सहा झाडांनी खाली आले, म्हणजे पावसानेच जे काय केलं ते केलं. माती-चुन्याचा फरक मात्र डोळ्यात भरतो, त्यातला किती मातीचा आणि किती आईंचा ते आता देवालाच ठाऊक.

शिवारफेरी | २६ जुलै, रात्री ९.३५

अजून एक. काहीच न मारलेल्या पट्ट्यात पाच-सहा अळ्या पोंग्याला चिकटून कडक झालेल्या सापडल्या. आधी पांढऱ्या, आज बघितल्या तर पोपटी भुकटी बसल्यासारख्या. फोटो टाकलाय. हे काय?

जैविक_जयंत | २६ जुलै, रात्री ९.४१

नोमुरिया! रानातली आपोआप आलेली बुरशी. पावसानंतरच्या दमट हवेत येते. त्या अळ्या तोडू नका, तशाच राहू द्या, त्यांच्यावरून बाकीच्यांना लागेल.

काळीमाती | २६ जुलै, रात्री ९.४८

विचार करा, ह्याच अळ्या औषधाच्या पट्ट्यात सापडल्या असत्या तर आज हा धागा कुठे गेला असता.

डॉ_गोडगोळी | २६ जुलै, रात्री १०.१५

आकडे मान्य. माझ्या औषधाने फरक पडलेला दिसत नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण एका पोटन्सीवरून, एका मात्रेवरून संपूर्ण पद्धत निकालात काढणंही मला पटत नाही. २०० पोटन्सी, आणि टोकणीच्या वेळी बियाण्याला लावून, असं रब्बीत करून बघाल का? औषध पुन्हा माझं.

गणितातकच्चा | २६ जुलै, रात्री १०.१९

२०० सी म्हणजे एकावर चारशे शून्यं. पंपाला नाही, वहीला पानं कमी पडतील.

पुसदकर | २६ जुलै, रात्री १०.३०

डॉक्टर स्वतःच्या खिशातून पाठवतात आणि हरले तर हरलो म्हणतात. चिठ्ठी चिकटवून साडेतीनशेला विकणारा मावसभावाचा तो डॉक्टर कुठे, आणि हे कुठे. रागवायचं तर त्याच्यावर रागवा.

शिवारफेरी | २६ जुलै, रात्री १०.४४

रब्बीत करू, पुतण्या तयार आहे, त्याला वही आवडली. सध्या बाकीच्या रानात माती-चुना संपवतोय, आणि जयंतरावांची बुरशी उद्या संध्याकाळी. अळी तरीही शंभरात दहाच्या खाली आली नाही तर कीटकवेडा म्हणतात ती एक फवारणी, मी स्वतः करीन.

मावसभावाला आकडे वाचून दाखवले. तो म्हणतो, 'तुझ्या रानात औषध लागू पडत नसेल, माझ्या रानात पडतं.' त्याच्या मक्यात आज तुरा आलाय. आमच्यापेक्षा पंधरा दिवस आधी टोकला होता.

माईसाहेब | २६ जुलै, रात्री १०.५०

कणसं कधी भाजायला घेताय ते सांगा. आणि आईंना माझा नमस्कार, 'दिसल्यावर सोडू का' हे मी फ्रीजवर लिहून ठेवलंय.

शिवारफेरी | २६ जुलै, रात्री १०.५८

माई, हा मका वैरणीचा आणि दाण्याचा. भाजायला म्हणून आईने विहिरीजवळ चार ओळी देशी लावल्यात. त्यात एकही अळी नाही, कारण ती रोज सकाळी तिथे चहा घेऊन बसते.

उगाचखडूस | २६ जुलै, रात्री ११.०१

चहाची पोटन्सी?

शिवारफेरी | २६ जुलै, रात्री ११.०३

कडक. साखर दोन चमचे.